डोमिनियन आणि लंडन: स्वराज्य मिळालेल्या वसाहतींबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शाळेच्या इतिहासात ‘वसाहतीचे स्वराज्य’ एका ओळीत येऊन जाते. नेहरू अहवालाने ते मागितले, लाहोरच्या अधिवेशनाने ते नाकारून पूर्ण स्वराज्याचा ठराव केला, आणि धडा पुढे सरकतो. पण ज्या देशांना ते मिळाले होते त्यांचे ब्रिटनशी नाते कसे चालायचे, कोण कोणाला काय सांगू शकत होते आणि त्या स्वराज्यात कोण धरले जात होते, हे कळल्याशिवाय आपल्याकडचा वादही नीट कळत नाही. स्पर्धा परीक्षेची तयारी करणारे आणि नुसतेच कुतूहल असणारे वाचक जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरे इथे दिली आहेत.

डोमिनियन म्हणजे नेमके कोणते देश?

कॅनडा (१८६७), ऑस्ट्रेलिया (१९०१), न्यूझीलंड आणि न्यूफाउंडलंड (१९०७), दक्षिण आफ्रिका (१९१०) आणि आयरिश फ्री स्टेट (१९२२). ऑस्ट्रेलिया आणि दक्षिण आफ्रिकेचे साल त्यांच्या वसाहती एकत्र आल्या तेव्हाचे आहे. तिथल्या कितीतरी प्रांतांत जबाबदार सरकारे, म्हणजे निवडून आलेल्या सभेला उत्तर देणारी सरकारे, त्याआधीच आली होती. हे देश आपले कायदे आपल्या संसदेत करत, कर आपणच बसवत आणि मंत्रिमंडळही आपलेच निवडत. राजा मात्र ब्रिटनचाच. १९०७ च्या लंडन परिषदेपासून ‘डोमिनियन’ हे नाव सरकारी व्यवहारात रुळले. १९२५ मध्ये वसाहत खात्यातून वेगळे काढून डोमिनियन खाते सुरू झाले. भारताचा कारभार या दोन्हींकडे कधीच नव्हता. तो इंडिया ऑफिसकडे होता.

ब्रिटनने हे स्वराज्य दिलेच कशाला?

अमेरिका हातची गेल्याचा अनुभव गाठीशी होता. १८३७ मध्ये कॅनडाच्या दोन्ही प्रांतांत बंड झाले, तेव्हा चौकशीसाठी लॉर्ड डरहॅमला पाठवले. १८३९ च्या त्याच्या अहवालात एक साधी, पण त्या काळाच्या मानाने धाडसी शिफारस होती: गव्हर्नरने अंतर्गत कारभारात त्याच मंत्र्यांचा सल्ला घ्यावा ज्यांच्यामागे निवडून आलेल्या सभेचे बहुमत आहे. १८४८ मध्ये नोव्हा स्कोशियात आणि पाठोपाठ कॅनडा प्रांतात ही पद्धत सुरू झाली. पुढच्या दहा वर्षांत ऑस्ट्रेलियाच्या बहुतेक वसाहतींना आणि न्यूझीलंडलाही ती मिळाली.

दुसरे कारण पैशाचे. स्वतःचा कारभार पाहणाऱ्या वसाहतीने आपल्या संरक्षणाचा खर्चही उचलावा असे लंडनला वाटू लागले आणि १८७० च्या सुमारास ब्रिटनने तिथल्या बहुतेक पलटणी माघारी बोलावल्या. उदारपणा आणि काटकसर दोन्ही होते. यातले एकच खरे धरणारा चुकतो, असे मला वाटते.

मग लंडनच्या हातात काय उरले?

बरेच काही. परराष्ट्र व्यवहार, युद्ध आणि तह लंडनच ठरवी. गव्हर्नर एखादे विधेयक राजाच्या मंजुरीसाठी राखून ठेवू शकत होता आणि मंजूर झालेला कायदाही लंडन रद्द करू शकत होते. शेवटचे अपील लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलकडे, म्हणजे राजाच्या सल्लागार मंडळाच्या न्यायिक समितीकडे, जाई.

१८६५ चा वसाहती कायदे वैधता कायदाही याच यादीत येतो. त्यामागची हकीकत लक्षात ठेवण्याजोगी आहे. दक्षिण ऑस्ट्रेलियात बूथबी नावाचे एक न्यायाधीश होते. इंग्लंडच्या कायद्याशी जुळत नाही एवढ्या कारणावर ते स्थानिक विधिमंडळाचे कायदे एकामागून एक रद्दबातल ठरवू लागले. कारभार ठप्प व्हायची वेळ आली तेव्हा लंडनने कायदा करून सांगितले की वसाहतीसाठी मुद्दाम केलेल्या ब्रिटिश कायद्याशी विरोध असेल तरच, आणि तेवढ्यापुरताच, स्थानिक कायदा बाद. त्या वेळी ही मोकळीक होती. साठ वर्षांनी डोमिनियनांना तीच बेडी वाटू लागली.

प्रिव्ही कौन्सिलबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी. लंडनचे न्यायालय म्हणजे मागासलेले आणि स्थानिक म्हणजे पुरोगामी, असा समज करून घेऊ नये. कॅनडात बाईला सेनेटवर नेमता येते का, हा प्रश्न आला तेव्हा १९२८ मध्ये कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने ‘नाही’ म्हटले आणि पुढच्याच वर्षी प्रिव्ही कौन्सिलने ‘येते’ म्हणून निकाल दिला. याच प्रिव्ही कौन्सिलच्या न्यायिक समितीवर १९३९ मध्ये मुंबईच्या मुकुंदराव जयकरांची नेमणूक झाली होती.

पहिल्या महायुद्धाने काय बदलले?

४ ऑगस्ट १९१४ ला ब्रिटनने जर्मनीविरुद्ध युद्ध पुकारले आणि त्याच क्षणी सगळे डोमिनियन कायद्याने युद्धात ओढले गेले. कोणाला विचारायची पद्धतच नव्हती. माणसे आणि पैसा किती द्यायचा, एवढेच त्यांच्या हातात होते. त्यांनी हात आखडता घेतला नाही. पन्नास लाखांपेक्षा कमी वस्तीच्या ऑस्ट्रेलियाने चार लाखांवर माणसे सैन्यात घातली, त्यातली सुमारे ६०,००० परत आली नाहीत. कॅनडाचाही मृतांचा आकडा तेवढाच. तरीसुद्धा सक्तीच्या लष्करभरतीला ऑस्ट्रेलियन मतदारांनी १९१६ आणि १९१७ अशा दोन्ही सार्वमतांत नकार दिला.

इतके रक्त सांडल्यावर ‘कळवतो ते ऐका’ ही पद्धत टिकणे शक्य नव्हते. १९१७ मध्ये ब्रिटनचे पंतप्रधान लॉइड जॉर्ज यांनी साम्राज्य युद्ध मंत्रिमंडळ बोलावले, त्यात डोमिनियनांचे पंतप्रधान बसले. व्हर्सायच्या तहावर डोमिनियनांनी वेगळ्या सह्या केल्या आणि राष्ट्रसंघात त्यांना स्वतंत्र सभासदत्व मिळाले. भारतालाही मिळाले, पण भारताच्या वतीने कोणी आणि काय बोलायचे ते भारतमंत्री ठरवत.

१९२६ आणि १९३१ ही दोन साले का महत्त्वाची मानतात?

त्याआधी दोन लहान प्रसंग घडले. १९२२ मध्ये तुर्कस्तानात चनाक इथे ब्रिटिश फौज अडचणीत आली आणि लंडनने डोमिनियनांकडे सैन्य मागितले. कॅनडाचे पंतप्रधान मॅकेन्झी किंग यांनी उत्तर दिले की हा निर्णय आमची संसद घेईल. १९२३ मध्ये हॅलिबट माशांच्या मासेमारीबद्दल अमेरिकेशी करार झाला. त्यावर ब्रिटिश राजदूतानेही सही करावी अशी लंडनची अपेक्षा होती. किंग यांनी ती मान्य केली नाही आणि सही एकट्या कॅनडाच्या मंत्र्याची झाली. माशांचा करार म्हणून हसण्यावारी नेऊ नये. तोवर कॅनडाच्या नुसत्या सहीने कोणताही तह झाला नव्हता.

१९२६ च्या लंडन परिषदेत ब्रिटनचे माजी पंतप्रधान बाल्फोर यांच्या समितीने हे सगळे शब्दांत मांडले: ब्रिटन आणि डोमिनियन हे स्वायत्त समाज आहेत, दर्जाने समान आहेत, कोणी कोणाच्या हाताखाली नाही, आणि राजनिष्ठा हा त्यांना जोडणारा समान दुवा आहे. ११ डिसेंबर १९३१ च्या वेस्टमिन्स्टर कायद्याने त्याला कायद्याचे रूप दिले. इथून पुढे डोमिनियनने मागितल्याशिवाय आणि संमती दिल्याशिवाय ब्रिटिश संसदेचा नवा कायदा तिथे लागू होणार नव्हता.

म्हणजे १९३१ ला हे देश स्वतंत्र झाले?

परीक्षेत तसे लिहिले तर गुण मिळतील, पण घडले ते जास्त गुंतागुंतीचे आहे. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि न्यूफाउंडलंड यांनी आपल्यासाठी त्या कायद्यात सवलत ठेवून घेतली: आमची संसद स्वीकारेल तेव्हाच तो आम्हाला लागू. ऑस्ट्रेलियाने तो १९४२ मध्ये स्वीकारला, न्यूझीलंडने थेट १९४७ मध्ये. न्यूझीलंडच्या पुढाऱ्यांना कायदेशीर अंतर वाढवायची घाई नव्हती. बाजारपेठ लंडनला, संरक्षण ब्रिटिश आरमाराचे, आणि लोकांच्या बोलण्यात ब्रिटन म्हणजे ‘घर’.

कॅनडाची अडचण वेगळी होती. घटना बदलायची तर केंद्र आणि प्रांत यांनी कोणत्या पद्धतीने, यावर त्यांचे आपसात एकमत होईना. म्हणून तो अधिकार त्यांनीच लंडनकडे राहू दिला. १७ एप्रिल १९८२ ला राणी एलिझाबेथ यांनी ऑटावात सही केली तेव्हा तो घरी आला, आणि त्या तोडग्यालाही क्वेबेकच्या सरकारची संमती नव्हती. ऑस्ट्रेलियातल्या राज्यांचे उरलेसुरले धागे १९८६ मध्ये तुटले.

गव्हर्नर जनरल कोणाचा माणूस?

सुरुवातीला दोघांचा: राजाचा प्रतिनिधी आणि ब्रिटिश सरकारचा तिथला वकील. १९२६ मध्ये कॅनडात किंग यांनी संसद विसर्जित करायला सांगितले आणि गव्हर्नर जनरल बिंग यांनी नकार दिला. विरोधी पक्षाचे मीएन यांना बोलावले, त्यांचे सरकार काही दिवसांतच पडले, आणि निवडणुकीत किंग परत आले. त्याच वर्षाच्या परिषदेत ठरले की गव्हर्नर जनरल फक्त राजाचा प्रतिनिधी, ब्रिटिश सरकारचा नाही. त्यामुळे सरकारा-सरकारांतल्या व्यवहारासाठी ब्रिटनला उच्चायुक्त नेमावे लागले. आज दिल्लीत ब्रिटनचा ‘राजदूत’ नसून ‘उच्चायुक्त’ असतो, तोही याच परंपरेतून.

१९३० मध्ये ऑस्ट्रेलियाचे पंतप्रधान स्कलिन यांनी गव्हर्नर जनरलपदासाठी आयझॅक आयझॅक्स यांचे नाव सुचवले. तिथेच जन्मलेला माणूस त्या पदावर पाचव्या जॉर्जला नको होता, पण सल्ला मानावा लागला. तरी या पदाचे राखीव अधिकार संपले नव्हते. ११ नोव्हेंबर १९७५ ला गव्हर्नर जनरल जॉन कर यांनी निवडून आलेल्या व्हिटलॅम सरकारला बडतर्फ केले. कर ऑस्ट्रेलियनच होते आणि त्यांचे नाव खुद्द व्हिटलॅम यांनीच सुचवले होते.

पैशाच्या बाबतीत हे देश किती मोकळे होते?

कायद्यापेक्षा इथे पकड घट्ट होती. १८८२ मध्ये ‘डनेडिन’ हे जहाज न्यूझीलंडच्या पोर्ट चामर्सहून सुमारे ५,००० मेंढ्या आणि कोकरांचे गोठवलेले मांस घेऊन निघाले आणि तीन महिन्यांहून जास्त प्रवास करून लंडनला पोचले. शिडाचे जहाज, आत कोळशावर चालणारे शीतयंत्र, आणि मध्ये विषुववृत्त. माल जवळजवळ सगळा चांगला निघाला. त्यानंतर न्यूझीलंड म्हणजे ब्रिटनचे कुरण झाले. एकच गिऱ्हाईक असलेल्या शेतकऱ्याला भाव किती ताणता येतो, हे नाशिकच्या कांदेवाल्याला समजावून सांगायला नको. १९७३ मध्ये ब्रिटन युरोपीय समुदायात गेला तेव्हा न्यूझीलंडच्या लोणी-चीजवाल्यांच्या पायाखालची जमीन सरकली.

कर्जाचे दुसरे उदाहरण ऑस्ट्रेलियाचे. १९३० च्या मंदीत बँक ऑफ इंग्लंडचे ऑटो नीमायर तिथे जाऊन खर्च कापा, मजुरी कमी करा असे सांगून आले. न्यू साउथ वेल्सचे प्रीमियर जॅक लँग यांनी लंडनच्या सावकारांचे व्याज थांबवले. केंद्र सरकारशी त्यांचे वाजले आणि मे १९३२ मध्ये राज्याच्या गव्हर्नरने त्यांना काढून टाकले. त्याच वर्षाअखेर इंग्लंडविरुद्धची बॉडीलाइनची क्रिकेट मालिका सुरू झाली, ज्यात इंग्लिश गोलंदाज फलंदाजाच्या अंगावर चेंडू टाकत. त्या चेंडूंवर ऑस्ट्रेलियन माणूस एवढा का भडकला, हे व्याजाची ही पार्श्वभूमी माहीत असली की जास्त उमगते.

एखाद्या देशाने मिळालेले स्वराज्य परत केले, असे घडले का?

हो, न्यूफाउंडलंडने. ही या सगळ्या इतिहासातली मला सर्वांत चटका लावणारी गोष्ट. १ जुलै १९१६ ला सोम नदीच्या लढाईत बोमाँ-हामेल इथे त्यांच्या रेजिमेंटचे सुमारे ८०० जण खंदकातून बाहेर पडले. दुसऱ्या दिवशी हजेरीला ६८ उभे होते. बेटावरची कॉडच्या मासेमारीवर जगणारी लहानशी वस्ती, प्रत्येक बंदरातल्या घरात कोणी ना कोणी गेलेले.

युद्धाचे कर्ज, त्याआधीचे रेल्वेचे कर्ज, आणि मंदीत माशाला भाव नाही. महसुलाचा निम्म्याहून मोठा भाग व्याजात जाऊ लागला. कर्ज फेडता येणार नाही असे सांगायची परवानगी ब्रिटनने दिली नाही. चौकशी आयोग आला आणि १९३४ मध्ये तिथल्या विधिमंडळाने स्वतःच्याच ठरावाने आपला कारभार थांबवला. त्या जागी लंडनने नेमलेले आयोगाचे सरकार बसले: गव्हर्नर, तीन ब्रिटिश आणि तीन स्थानिक आयुक्त. पंधरा वर्षे तिथे सार्वत्रिक निवडणूक झाली नाही. १९४८ च्या सार्वमतात कॅनडात सामील होण्याच्या बाजूने ५२ टक्क्यांच्या आसपास मते पडली आणि ३१ मार्च १९४९ ला न्यूफाउंडलंड कॅनडाचा प्रांत झाला. एका डोमिनियनची संसद हिशेबाच्या वहीसाठी बंद पडू दिली गेली, याचे समर्थन मला कुठेही पटण्यासारखे सापडलेले नाही.

दुसऱ्या महायुद्धातही सगळे आपोआप ओढले गेले का?

नाही. ऑस्ट्रेलियाचे पंतप्रधान मेंझिस यांनी ३ सप्टेंबर १९३९ ला रेडिओवर सांगितले की ब्रिटन युद्धात आहे, परिणामी ऑस्ट्रेलियाही आहे. न्यूझीलंड त्याच दिवशी उतरले. कॅनडाने संसद बोलावून १० सप्टेंबरला स्वतंत्रपणे युद्ध पुकारले. दक्षिण आफ्रिकेत पंतप्रधान हर्टझोग यांचा तटस्थतेचा ठराव ६७ विरुद्ध ८० मतांनी पडला आणि स्मट्स पंतप्रधान झाले. आयर्लंड शेवटपर्यंत तटस्थ राहिला. भारताला मात्र व्हाइसरॉयनेच युद्धात उतरवले, कोणालाही न विचारता.

१५ फेब्रुवारी १९४२ ला सिंगापूर पडले आणि सुमारे १५,००० ऑस्ट्रेलियन कैद झाले. मध्यपूर्वेतून परतणारी ऑस्ट्रेलियन डिव्हिजन चर्चिल यांना ब्रह्मदेशात हवी होती. पंतप्रधान कर्टिन यांनी नकार दिला. चर्चिल यांनी न विचारता जहाजांचा मार्ग रंगूनकडे वळवला होता, तो कर्टिन यांनी पुन्हा बदलायला लावला. वेस्टमिन्स्टर कायदा ऑस्ट्रेलियाने त्याच वर्षी स्वीकारला.

तिथल्या मूळ रहिवाशांचे काय?

डोमिनियनांचा इतिहास सांगताना हा प्रश्न शेवटी विचारला जातो किंवा विचारलाच जात नाही. लंडनकडून अधिकार गेला तो गोऱ्या वसाहतकारांकडे. पूर्वी मूळ रहिवासी निदान राणीकडे दाद मागू शकतील असे मानले जाई. स्वराज्य आले आणि ते दारही लागले.

न्यूझीलंडच्या मूळ रहिवासी माओरींचे राजे तावियाओ १८८४ मध्ये लंडनला गेले. १८४० च्या वायतांगी तहात राणीने आमच्या जमिनींची हमी दिली होती, ती पाळली जात नाही, असा त्यांचा अर्ज होता. राणीची भेट झालीच नाही. वसाहत मंत्री लॉर्ड डर्बी भेटले, आणि अर्ज अखेर न्यूझीलंड सरकारकडेच गेला, म्हणजे ज्याच्याविरुद्ध तक्रार त्याच्याच टेबलावर. १९०९ मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या संघराज्याचे विधेयक ब्रिटिश संसदेत आले. संसदेत फक्त गोऱ्यांना बसता येईल अशी त्यात अट होती. ती काढावी म्हणून तिथले नेते श्राइनर, जबावू, रुबुसाना आणि अब्दुर्रहमान लंडनला गेले. अनेक खासदारांनी खेद व्यक्त केला आणि विधेयक तसेच मंजूर केले. बोअर युद्धातल्या शत्रूशी, म्हणजे डच वंशाच्या वसाहतकारांशी, समेट झाला तो काळ्या माणसाच्या हक्काच्या मोबदल्यात. ब्रिटनच्या या धोरणाला ‘उदार’ म्हणणारी पुस्तके वाचताना हे दोन प्रसंग डोळ्यांसमोर ठेवावेत.

हिंदी लोकांना या देशांत कसे वागवले?

साम्राज्याचे प्रजाजन म्हणून सगळे सारखे, असे १८५८ च्या जाहीरनाम्यापासून सांगितले जात होते. ऑस्ट्रेलियाने १९०१ मध्ये कायदा केला की अधिकारी सांगेल त्या युरोपीय भाषेत उतारा लिहून दाखवा. कॅनडाने १९०८ मध्ये मायदेशातून न थांबता प्रवास करून या असा नियम केला, जेव्हा भारतातून तशी थेट सोय नव्हती. १९१४ मध्ये ‘कोमागाटा मारू’ जहाजावरचे ३७६ प्रवासी व्हँकुव्हरच्या बंदरात दोन महिने अडकले आणि थोडेजण सोडता सगळ्यांना परत पाठवले.

दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळ प्रांतात करार संपलेल्या गिरमिटियांवर (करारावर नेलेल्या हिंदी मजुरांवर) वर्षाला ३ पौंडांचा कर होता. बायकांनाही तो लागू होता. गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९१० मध्ये कायदेमंडळात ठराव आणून नाताळला जाणारी मजूरभरती थांबवण्याची वाट मोकळी केली, आणि १९१२ मध्ये मधुमेहाने खंगलेल्या शरीराने स्वतः दक्षिण आफ्रिकेचा दौरा केला. पंतप्रधान बोथा आणि मंत्री स्मट्स यांना प्रिटोरियात भेटून ते बाहेर आले ते कर जाणार अशा समजुतीने. सरकारने पुढे तसे वचन दिल्याचे नाकारले. गांधीजींनी संप आणि मोर्चा काढला, आणि नोव्हेंबर १९१३ मध्ये व्हाइसरॉय हार्डिंज यांनी मद्रासला जाहीरपणे दक्षिण आफ्रिकेच्या सरकारवर टीका केली. साम्राज्याच्या एका अधिकाऱ्याने दुसऱ्या सरकारला असे उघड सुनावणे विरळच. १९१४ मध्ये कर रद्द झाला. पुढच्या फेब्रुवारीत गोखले यांचे पुण्यात निधन झाले.

त्यांच्यामागे भारत सेवक समाजाची धुरा घेणारे श्रीनिवास शास्त्री १९२१ च्या लंडन परिषदेत हाच प्रश्न घेऊन उभे राहिले. स्थायिक हिंदी लोकांचे नागरिकत्वाचे हक्क मान्य करावेत असा ठराव झाला. दक्षिण आफ्रिकेने तो स्वीकारला नाही, आणि लंडनने हात वर केले: हा त्यांचा अंतर्गत प्रश्न.

भारत कधी डोमिनियन होता का?

होता. १५ ऑगस्ट १९४७ ते २५ जानेवारी १९५०. लोकमान्यांनी एप्रिल १९१६ मध्ये बेळगावात होमरूल लीग काढली तेव्हा त्यांच्यासमोर आयर्लंडची चळवळ आणि या वसाहतींचे उदाहरण होते. राजा राहू दे, मधली नोकरशाही बदला, असा त्यांच्या त्या काळच्या भाषणांचा सूर आहे. १९२८ च्या नेहरू अहवालाने कॅनडा, ऑस्ट्रेलियासारखा दर्जा मागितला. त्या समितीत यवतमाळचे बापूजी अणे होते. ऑक्टोबर १९२९ मध्ये व्हाइसरॉय आयर्विन यांनी तो दर्जा हेच अंतिम ध्येय असल्याचे जाहीर केले, पण कधी ते सांगितले नाही, आणि डिसेंबरात लाहोरला पूर्ण स्वराज्याचा ठराव झाला. कॅनडाला जे एकेका नकाराने साधत गेले ते भारताला साधणे कठीण होते, कारण किंग यांच्यामागे निवडून आलेली संसद होती, इथे व्हाइसरॉयला उत्तर मागणारी संसदच नव्हती.

१९४७ मध्ये तोच दर्जा सत्तांतर लवकर व्हावे म्हणून दोन्ही देशांनी घेतला. त्यामुळे काश्मीरमध्ये एकाच राजाची दोन डोमिनियन एकमेकांशी लढली. एप्रिल १९४९ च्या लंडन जाहीरनाम्यात प्रजासत्ताक होऊनही भारत राष्ट्रकुलात राहू शकेल असे ठरले, आणि राजनिष्ठेची जुनी अट तिथे गळली. आयर्लंड त्याच महिन्यात प्रजासत्ताक होऊन राष्ट्रकुलातून बाहेर पडला होता.

आज या देशांचा ब्रिटनशी कायद्याने काय संबंध उरला आहे?

कॅनडा, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडचे राजे चार्ल्स तिसरे आहेत, पण प्रत्येक देशाचे वेगळे राजे म्हणून. त्या देशाबाबत ते तिथल्याच पंतप्रधानांचा सल्ला घेतात. प्रिव्ही कौन्सिलकडचे अपील कॅनडाने १९४९ मध्ये, ऑस्ट्रेलियाने टप्प्याटप्प्याने १९८६ पर्यंत आणि न्यूझीलंडने २००४ पासून बंद केले. दक्षिण आफ्रिका १९६१ मध्ये प्रजासत्ताक झाली. ऑस्ट्रेलियात १९९९ च्या सार्वमतात सुमारे ५५ टक्के मतदारांनी प्रजासत्ताकाचा प्रस्ताव नाकारला. वायतांगी तहाच्या तक्रारी ऐकायला न्यूझीलंडने १९७५ मध्ये न्यायाधिकरण नेमले, आणि वायकातो जमातीच्या, म्हणजे तावियाओंच्या लोकांच्या, जप्त जमिनींबद्दलची तडजोड १९९५ मध्ये कायद्यात आली. त्या कायद्यावर राणी एलिझाबेथ यांनी स्वतः वेलिंग्टनमध्ये सही केली. त्यात राजसत्तेची माफीही आहे.